एकच नेम, चार महिने

5 जूनला पर्यावरणाच्या शपथा घेतल्या जातात आणि आषाढ लागेपर्यंत त्या कुणाला आठवतही नाहीत. लोक खोटं बोलतात म्हणून असं होत नाही. शपथाच फार असतात. राज्याच्या ‘माझी वसुंधरा’ अभियानात 2020 पासून ई-शपथ आहे, केंद्राच्या ‘मिशन लाइफ’मध्ये तर तब्बल 75 सवयींची यादी आहे. त्यातलं एकही कलम चुकीचं नाही. पण नोकरी, शाळेचे डबे, घरातली आजारपणं आणि कर्जाचे हप्ते सांभाळणाऱ्या माणसाने अशी यादी फ्रिजवर चिकटवली की पहिला आठवडा जोरात जातो, दुसऱ्यात निम्मं सुटतं आणि पुढे कागद तेवढा उरतो.

याहून बरी पद्धत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. चातुर्मासाचा नेम. आषाढी एकादशीला धरायचा, कार्तिकीला सोडायचा. कुणी कांदा-लसूण सोडतं, कुणी एकभुक्त राहतं, कुणी पानावर जेवतं, कुणी लाख वाती वळतं. नेम एकच असतो, आपणच निवडलेला असतो, रोजचा असतो, त्याला सुरुवात आणि शेवट असतो, आणि तो मोडला तर दुसऱ्या कुणी सांगावं लागत नाही. देवाधर्माशी तुमचं जमत नसेल तरी हा सांगाडा उसना घ्यायला हरकत नाही. तुमचे चार महिने जानेवारीत सुरू झाले म्हणून काही बिघडत नाही.

चार महिन्यांची ही मुदत शास्त्रालाही मानवते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांना रोजच्या एखाद्या ठरलेल्या कृतीनंतर एक नवी छोटी गोष्ट करायला सांगितली आणि ती अंगवळणी पडायला किती दिवस लागतात ते पाहिलं. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सरासरी निघाली 66 दिवस. पण कुणाला 18 पुरले, तर कुणाचा अंदाज 254 पर्यंत गेला. म्हणजे ‘21 दिवसांत सवय लागते’ हे ऐकायला छान असलं तरी त्यावर विसंबू नका. चातुर्मास साधारण 118 दिवसांचा. बहुतेकांचं काम त्यात होऊन जातं. याच अभ्यासात आणखी एक दिलासा होता, मधला एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही. त्याकडे पुढे येऊच.

नेम धरण्याआधी दोन कामं करायची. पहिलं काम कांदेनवमीचं. एकादशीच्या दोन दिवस आधी घरातला कांदा भजी, थालीपीठ, झुणका करून संपवतात, कुणी तो फेकून देत नाही. इथेही तेच. प्लास्टिकचे डबे काढून टाकून काचेच्या बरण्या, बांबूचे ब्रश, स्टीलच्या नळ्या आणि वर ‘इको’ लिहिलेली कापडी पिशवी विकत आणून जो नेम सुरू होतो, तो नेम नव्हे, खरेदी आहे. घरात आहे ते डबे फुटेपर्यंत वापरा. जुन्या पँटची, साडीची पिशवी कोपऱ्यावरचा शिंपी सहज शिवून देईल.

दुसरं काम मोजणीचं. एक आठवडा काहीही न बदलता नुसतं मोजा. विजेच्या मीटरवर आकडे एकामागून एक फिरत असतात, त्यातला ज्याच्यापुढे ‘केडब्ल्यूएच’ दिसतं तो तुमचा. एक केडब्ल्यूएच म्हणजे एक युनिट. रोज ठरलेल्या वेळी फोनने त्याचा फोटो काढा, वजाबाकी रविवारी करा. ओला कचरा डब्यासकट वजनकाट्यावर ठेवा. ठिबकणाऱ्या नळाखाली रात्रभर पातेलं ठेवा, सकाळी लिटरच्या मापाने मोजा. गॅसचं तर आपल्याकडे आधीपासूनच चालतं: नवा सिलिंडर लावला की कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकटीत ‘गॅस’ असं लिहिलेलं असतं. जुनी कॅलेंडरं टाकली नसतील तर तुमचा सिलिंडर उन्हाळ्यात किती दिवस जातो आणि दिवाळीच्या महिन्यात किती, ही माहिती भिंतीवर आयतीच आहे.

मोजणी इतकी महत्त्वाची का, तर डोळ्यांना मोठं दिसणारं आणि प्रत्यक्षात मोठं असणारं यांत फार तफावत असते. फोनचा चार्जर भिंतीत खोचलेला राहिला तर काही घरांत भांडणं होतात. तसा नुसता राहिलेला चार्जर वर्षाला दोन-तीन युनिटांच्या पलीकडे जात नाही. त्याच भिंतीवर टीव्ही बंद असतानाही सेट-टॉप बॉक्सचा दिवा लुकलुकत असतो. तो 10 वॉट खातो असं धरलं तर वर्षाचे झाले जवळजवळ 88 युनिट. आणि गिझर? बादलीभर, म्हणजे 15 लिटर पाणी 25 अंशांवरून 45 अंशांवर न्यायला साधारण 0.35 युनिट लागतं. चौघांच्या आंघोळी धरल्या तर महिन्याला 42 युनिट. जुना छताचा पंखा 75 वॉटचा, बारा तास चालला तर दिवसाला 0.9 युनिट. नवा बीएलडीसी पंखा 30 वॉटच्या आसपास, त्याला तेवढ्याच वेळात 0.36.

आपल्या देशात वीज अजून मुख्यतः कोळशाची आहे, त्यामुळे ग्रिडमधून घेतलेल्या एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. स्वयंपाकाचा गॅस जाळला की किलोमागे साधारण तीन किलो. 14.2 किलोच्या सिलिंडरचे झाले 42 किलो, म्हणजे विजेच्या 60 युनिटांइतके. पेट्रोलच्या लिटरमागे सुमारे 2.3 किलो. एवढे तीन आकडे पाठ असले की कुठला नेम धरण्याजोगा आहे आणि कुठला नुसता समाधानाचा, हे तुमचं तुम्हाला ठरवता येतं.

प्लास्टिक मात्र या तराजूत घालू नका. एक पिशवी काही ग्रॅमची, तिचा कार्बनचा हिशेब किरकोळ निघेल. तिचं नुकसान वेगळ्या जागी होतं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा नाल्यांत अडकलेल्या पिशव्यांनी काय केलं ते मुंबईकरांना सांगायला नको. राज्यातली 2018 ची बंदी आणि 1 जुलै 2022 ची देशभरातली बंदी कागदावर कडक आहे, आणि भाजीवाल्याकडे पातळ पिशवी आजही मिळते. तुम्ही ती मागत असाल तर तोही देत राहणार.

आता निवड. माझं मत विचाराल तर शहरातल्या कुटुंबाने पहिला नेम ओल्या कचऱ्याचा धरावा. आपल्याकडच्या घरगुती कचऱ्यात निम्म्याच्या आसपास ओला असतो. तो कोरड्यात मिसळला की कागद आणि प्लास्टिकही कामातून जातं, आणि हे सगळं डेपोवर एकावर एक रचलं गेलं की आत हवा पोचत नाही, कुजताना मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेनची तापवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या 28 पट धरली जाते. शिवाय आपला कचरा जातो तिथेही माणसं राहतात. मुंबईचं देवनार 1927 पासून हा भार सोसतंय, पुण्याचा भार उरुळी देवाची आणि फुरसुंगीने वर्षानुवर्षं उचलला. फेब्रुवारी 2018 मध्ये नारेगावच्या लोकांनी औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, तेव्हा काही दिवसांत शहरात ढीग साचले होते.

करायचं कसं ते नीट सांगतो, कारण बहुतेक जण इथेच हात टेकतात.

रंगाच्या 20 लिटरच्या दोन रिकाम्या बादल्या झाकणासकट मिळवा. रंगकाम चालू असलेल्या इमारतीत वॉचमनला विचारलं तर मिळून जातात. बाजूंना आणि तळाला तापवलेल्या सळईने किंवा ड्रिलने भोकं पाडा. बादली दोन विटांवर ठेवा, खाली जुनी थाळी. तळाला नारळाच्या शेंड्यांचा जाड थर द्या. त्यावर मूठभर जुनं कंपोस्ट किंवा कुंडीतली माती टाका. ते नसेल तर वाटीभर आंबट ताक पाण्यात मिसळून शिंपडा. एवढं विरजण पुरतं, महागडी पाकिटं लागत नाहीत. मग रोज भाजीची देठं, सालं, चहाचा चोथा (साखर-दूध धुऊन), फुलं, अंड्याची टरफलं बारीक करून टाकायची आणि प्रत्येक वेळी वर तेवढाच, जमलं तर थोडा जास्तच, कोरडा माल पसरायचा. हा कोरडा माल म्हणजे सगळ्याची गुरुकिल्ली. जिवाणूंना ओल्या कचऱ्यातला नायट्रोजन लागतो तसा सुक्यातला कार्बनही लागतो, साधारण एकाला तीस या प्रमाणात. सुकं कमी पडलं की चिखल होतो, हवा जात नाही आणि मग जिन्यापर्यंत वास.

इथे चातुर्मासाची एक अडचण आहे. पाचोळा झडतो माघ-फाल्गुनात, आणि आपण सुरुवात करणार भर पावसात. पोतंभर पाचोळा आधी भरून ठेवला नसेल तर कोकोपीटची वीट आणा, सुताराकडून रंध्याचा भुसा आणा, नाहीतर अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे आणि कुरियरची खोकी हाताने फाडून टाका (चिकटपट्टी काढून). बादली पागोळीखाली नको.

दर दोन-तीन दिवसांनी काठीने किंवा बागेच्या छोट्या फावड्याने वर-खाली करायचं. मूठभर घेऊन दाबून बघा: हात ओला व्हावा, फार तर एखाद-दुसरा थेंब यावा. धार लागली तर सुकं वाढवा. मुंग्या लागल्या तर कोरडं पडलंय, पाणी शिंपडा. चिलटं झाली तर वरचा सुका थर पातळ आहे. पांढरी बुरशी दिसली तर आनंद माना. जाडसर मातकट अळ्या वळवळताना दिसल्या तर घरातले ओरडतील. त्या बहुतेकदा सैनिकमाशीच्या असतात, चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, उलट काम झपाट्याने उरकतात. करवंट्या, आंब्याच्या कोयी आणि मोठी हाडं टाकू नका. रस्सा, तेलकट उरलंसुरलं निदान पहिले दोन महिने दूर ठेवा.

पहिली बादली भरली की झाकून बाजूला ठेवा आणि दुसरी सुरू करा. दोन-तीन महिन्यांनी पहिलीतलं काळसर, भुसभुशीत आणि मातीच्या वासाचं झालेलं असतं. चाळून घ्या, चाळणीवर उरलेला जाडा भाग पुढच्या बादलीचं विरजण. बाल्कनीच नाही, किंवा घरमालक ऐकत नाही, अशांनी ‘वेगळं करण्या’चा नेम धरावा. तोही लहान नाही. पुण्यात 2008 पासून ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्याच सहकारी संस्थेचे सभासद दारोदार कचरा घेतात. सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, हे त्यांचं म्हणणं का आहे, ते आपला कचरा पाच मिनिटं आपल्या हाताने निवडून पाहिलं तर समजतं. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, तो चिमुकला तुकडा कुणाच्याही हाती लागत नाही. चीर द्या, दूध ओता, पिशवी विसळून वाळत घाला.

बाकीच्या नेमांबद्दल थोडक्यात. गॅसचा धरायचा तर ‘डाळ-तांदूळ तासभर भिजवल्याशिवाय कुकर लावायचा नाही’ असा धरा. गिझरचा धरायचा तर ‘आंघोळीआधी दहा मिनिटं, नंतर लगेच बंद’. एसीचा असेल तर 2020 पासून नव्या मशीनना 24 अंशांचं डिफॉल्ट आहेच, ते खाली आणायचं नाही. एक अंश वर ठेवला की वीज साधारण सहा टक्के वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. प्रवासाचा असेल तर ‘आठवड्यातून दोन दिवस बस’, आणि ते दिवस सोमवार-गुरुवार असे ठरलेले असावेत. ‘जमेल तेव्हा’ हा वार कॅलेंडरवर नसतो.

कारण नेम एका वाक्यात आणि वेळेसकट सांगता आला पाहिजे. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी 1999 मध्ये ‘जर-तर’च्या निश्चयांविषयी लिहिलं, ते मला फार व्यवहारी वाटतं. ‘मी पाणी वाचवीन’ हा मोघम निश्चय लवकर विरतो. ‘आरओचा डबा भरायला लावला की सोडपाण्याची नळी बादलीत टाकीन’ हा टिकतो, कारण आरओ लावणं रोज घडतं आणि तेच आठवण करून देतं. (लिटरभर शुद्ध पाण्यामागे घरगुती आरओ अनेकदा तीन लिटर बाहेर टाकतो. लादी पुसायला, संडासाला ते चालतं, झाडांना मात्र रोज घालू नका, त्यात क्षार जास्त असतात.)

आता एक नाजूक बाब. आपल्या घरांत एकाने नेम धरायचा आणि दुसरीने निभवायचा, ही जुनी खोड आहे. साहेब जाहीर करतात ‘आजपासून प्लास्टिक बंद’, आणि डबे धुणं, पिशव्या वाळवणं, कचरा चिरणं बायकोच्या नाहीतर कामाला येणाऱ्या मावशींच्या वाट्याला येतं. माझ्या मते पर्यावरणाचे घरगुती बेत मोडण्याचं हे पहिलं कारण आहे, आळस नंतर येतो. म्हणून नियम सोपा ठेवा: नेम ज्याचा, हातही त्याचे. कंपोस्ट तुम्ही धरलंत तर काठी तुम्ही फिरवा. मावशींचं काम वाढणार असेल तर आधी त्यांना विचारा, आणि वाढलेल्या कामाचे पैसे वाढवा. मुलांना सामील करायचं असेल तर त्यांना मीटरचा फोटो आणि वजाबाकी द्या. आईबाबांना ‘कालच्यापेक्षा दीड युनिट जास्त, का?’ असं विचारायची संधी मुलं सोडत नाहीत. सासू-सासऱ्यांना उपदेश नको. कपडे फाटेपर्यंत वापरणं, दोरे-पिशव्या जपून ठेवणं, ताकाचं भांडं विसळून ते पाणी झाडाला घालणं, हे त्यांनी आयुष्यभर केलेलं असतं, शिकवण्यापेक्षा विचारावं.

नोंद ठेवायला ॲप लागत नाही. दुधाचा हिशेब आपण कसा ठेवतो? रोजची हजेरी लिहीत नाही, नुसते खाडे मांडतो. नेमाचंही तेच करा. पाळला त्या दिवशी चौकट कोरी, चुकला त्या दिवशी फुली, आणि फुलीशेजारी दोन शब्द: ‘पाहुणे’, ‘उशीर’, ‘पिशवी विसरलो’. महिन्याअखेर फुल्या किती यापेक्षा शब्द कोणते ते बघा. ‘पिशवी विसरलो’ चार वेळा आलं असेल तर उपाय निग्रहात नाही, स्कूटरच्या डिकीत दोन पिशव्या कायमच्या ठेवण्यात आहे. ‘उशीर’ वारंवार आला तर नेमाची वेळ बदला. लागोपाठ तीन फुल्या आल्या तर नेम झेपत नाहीये, तो निम्मा करा. सोडू मात्र नका. आणि माफीचे दिवस आधीच ठरवून टाका: आजारपण, प्रवास, सुतक. व्रतातही घरातलं दुसरं कुणी तेवढ्यापुरतं चालवून घेतं, तशी इथेही बदली चालते.

खरी परीक्षा भाद्रपदापासून. गणपती, गौरी, पितृपक्ष, नवरात्र, दिवाळी, सगळं याच चार महिन्यांत येतं, आणि गौरीजेवणाला वीस पानं असताना बादली आणि काठी कुणाला आठवणार? म्हणून सणाची तयारी वेगळी हवी. निर्माल्यातले दोरे, जरी, थर्माकोल आधी काढा, फुलं-पानं तेवढी बादलीत; झेंडू चांगला कुजतो, पण भरपूर सुकं घालावं लागतं, नाहीतर दोन दिवसांत पाणी सुटतं. जास्त माणसं जेवणार असतील तर ताटं-वाट्या भाड्याने मिळतात, महिला मंडळांकडे आणि देवळांकडेही भांडी असतात. ‘एकदाच तर आहे’ म्हणून आणलेल्या कागदी द्रोणांना आतून प्लास्टिकचा मुलामा असतो, ते ओल्यात टाकू नका. दिवाळीच्या साफसफाईत निघालेल्या वायरी, मोबाइल, बॅटऱ्या रद्दीच्या पोत्यात ढकलू नका, ई-कचरा घेणाऱ्या केंद्रासाठी वेगळी पिशवी करा.

कार्तिकीला उद्यापन. म्हणजे पुन्हा एक आठवडा मोजणी. वीज मोजत असाल तर एक सावधगिरी: जुलै आणि नोव्हेंबर यांची तुलना फसवी असते, ऋतू बदललेला असतो. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याचं बिल काढा, बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतोच. महिना 100 युनिटांच्या आसपास असणाऱ्या घरांनी विशेष लक्ष द्यावं, 100 च्या पुढच्या युनिटांना दर चढा असल्याने वाचलेली वीस युनिटं बिलात अपेक्षेपेक्षा जास्त दिसतात. आकडा हलला असेल आणि कॅलेंडरवर शेवटच्या महिन्यात फुल्या विरळ झाल्या असतील, तर हा नेम आता नेम राहिलेला नाही, त्याची नोंद थांबवा. आकडा हललाच नसेल तर तो निःसंकोच सोडून द्या आणि मार्गशीर्षात दुसरा धरा, याच मोजणीच्या वहीतला दुसऱ्या क्रमांकाचा मोठा खर्च बघून. चाळलेलं कंपोस्ट घरच्या कुंड्यांना लागेल त्याहून जास्त निघतं. उरलेलं शेजाऱ्यांना द्या, सोबत एक रिकामी रंगाची बादलीही द्या, आणि ती भोकं पाडून द्या. भोकं पाडायचा कंटाळा येऊन अनेकांचं कंपोस्ट सुरूच होत नाही.